वरदचा राजीनामा

५ जानेवारी, सोमवार

एफडी मोडायची नव्हती, नुसती पुढं चालू ठेवायची होती — त्यासाठी अख्खी सकाळ बँकेत! वर व्याज पुन्हा कमी. काउंटरवरची मुलगी म्हणते, "अंकल, ऐप से कर लेते ना, घर बैठे हो जाता।" अगं बाई, ॲपनंच तर मला इथं पाठवलं! ॲप म्हणतं शाखेत जा, शाखा म्हणते ॲपवर जा. नाकी नऊ आले.

परत येताना चौकात त्या बिल्डरचा फलक. 'अपना घर, अपना सुकून.' सुकून! रिटायर झालो तेव्हा ग्रॅच्युइटी आणि फंडाचे जवळजवळ सगळे पैसे त्याच्या चिनहटच्या फ्लॅटमध्ये घातले. घर मुलाच्या, वरदच्या नावावर, घाम माझा. आज तिथं चार खांब आहेत आणि खांबांना बांधलेल्या म्हशी. केस वरद बघतो, कारण मी वकिलासमोर ओरडतो म्हणे. ओरडू नको तर काय आरती ओवाळू? व्याजासकट पै न पै घेतल्याशिवाय सोडणार नाही, हे मी घरात सांगून ठेवलंय.

७ जानेवारी, बुधवार

धुकं. समोरचं घर दिसत नाही. पद्मा रजईतून बाहेर यायला तयार नाही, चहा मीच केला. साखर जास्त झाली म्हणे.

९ जानेवारी, शुक्रवार

पार्कात शेजारचे गजेंद्र सिंह. माझ्यासारखेच रिटायर, पण आशावादी. "शरद जी, वेतन आयोग बैठ गया है। पेंशन बढ़ेगी।" म्हटलं, "बैठा तो है, उठेगा कब?" हसले. आयोग येईल तेव्हा येईल, आपण जाऊ तेव्हा जाऊ — मधल्या काळात औषधं महाग होतायत.

घरी येऊन मोबाइलवर मराठी पेपर उघडला. लखनौत चाळीस वर्षं काढली, पण राजकारणाचा राग मला मराठीतच येतो. एका मंत्र्याचा राजीनामा मागतायत. मीही मोठ्यानं म्हणालो, "द्या राजीनामा!" पद्मा स्वयंपाकघरातून — "अहो, तुम्ही अलीगंजातून ओरडलात म्हणून कुणी देत नाही. मटार सोला."

११ जानेवारी, रविवार

वरदशी पुन्हा पेन्शनवरून वाजलं. मला जुनी पेन्शन, पहिल्या तारखेला खात्यात. त्याला नवी, बाजाराच्या भरवशावरची. दोन स्कीमांतली एक निवड, नीट वाच, एकदा निवडलं की बदलता येत नाही — मी कधीपासून सांगतोय. तो म्हणतो, "बाबा, साठ का होने में अभी उनतीस साल हैं।" मी मराठीत भांडतो, तो हिंदीत ऐकून घेतो. आमच्या घरात असंच चालतं.

मग व्हरांड्यातली माझी जुनी स्कूटर टेम्पोत घालून तेलीबागेला घेऊन गेला. तिथं त्याच्या मित्राचं, अमोघचं, गॅरेज आहे. "इसको ठीक करते हैं।" ती स्कूटर ठीक व्हायची नाही. पण नेतोय तर नेऊ दे, जागा मोकळी झाली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

गजेंद्रकडून खिचडी आली, आमच्याकडून तिळगूळ गेला. तिळगुळाची वाटी घेऊन गच्चीवर गेलो, वरदला द्यायला. पाठमोरा उभा, फोनवर. लोकांशी बोलताना मी पापा असतो, घरात बाबा. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो —

"हाँ, राजीनामा ही ठीक है। बहुत हो गया, अब और नहीं खींचना। सोमवार को साइन कर देता हूँ। पापा? नहीं नहीं, पापा को बाद में। सुनेंगे तो घर सर पे उठा लेंगे।"

वाटी तशीच घेऊन खाली आलो.

राजीनामा! सरकारी नोकरीचा! गंज भागातलं ऑफिस, घरापासून अर्ध्या तासावर. ह्या नोकरीसाठी तो तीनदा परीक्षेला बसला. मी नवस बोललो नव्हतो, पण पद्मा बोलली होती आणि नारळ मी फोडला होता.

१५ जानेवारी, गुरुवार

पद्माला सांगितलं. आधी म्हणाली, "नीट ऐकलंत का? परवा कुकरच्या चार शिट्ट्या तुम्हाला दोनच ऐकू आल्या." मग पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "त्याला विचारू नका. तुमचं विचारणं म्हणजे ओरडणं."

विचारणार नाहीच. विचारलं आणि हो म्हणाला तर?

आमच्या वेळी राजीनामा दिला की मागची सगळी नोकरी पाण्यात. ह्याच्या स्कीममध्ये काय होतं, देव जाणे. माहितीपुस्तिका काढून बसलो. तीन पानं वाचली, 'अभिदाता' ह्या शब्दापुढं जाता येईना.

१६ जानेवारी, शुक्रवार

मंत्री राजीनामा देत नाहीत. माझा मुलगा देतो. काय न्याय आहे!

१७ जानेवारी, शनिवार

राहवेना. गजेंद्रना सांगितलं, "लड़का इस्तीफ़ा दे रहा है।" चालता चालता थांबले. "सरकारी नौकरी से? कोई छोड़ता है, भाईसाहब?" त्यांचा मुलगा वर्षानुवर्षं परीक्षाच देतोय, बिचारा. पेपर फुटतो, परीक्षा रद्द होते, हा पुन्हा फॉर्म भरतो. मला वाटलं आता माझ्या वतीनं चिडतील. पण बाकावर बसले आणि म्हणाले, "खुश नहीं होगा। आपने पूछा?"

नाही विचारलं. पण दिवसभर तेच डोक्यात. वरद ऑफिसातून येतो तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो? ओढलेला. डबा ओट्यावर ठेवतो, खोलीत जातो, दार लावतो. आणि रविवारी तेलीबागेहून येतो तेव्हा कोपरापर्यंत काळं ग्रीस आणि शीळ घालत जिना चढतो! पद्मा ओरडते, "साबणानं धू, माझे टॉवेल खराब होतात!" आणि हा हसतो. मी हे रोज बघत होतो की. बघून पेपर वाचत होतो.

मला त्याचा राग यायला हवा होता. येत नाही. भीती वाटते, हेच खरं.

१८ जानेवारी, रविवार

आज बोललो. उद्या तो सही करणार, मग कधी बोलायचं?

रात्री पिठलं-भाकरी होती. पद्मानं डोळ्यांनी दटावलं, तरी बोललो. चक्क हळू आवाजात. म्हणालो, "वरद, नोकरी सोडायची असेल तर सोड. माझी पेन्शन आहे, डोक्यावर छप्पर आहे, पोटाला कमी पडणार नाही. उनतीस साल तोंड पाडून जायचं आणि साठाव्या वर्षी पेन्शन घ्यायची — ती घेऊन तरी काय करशील? फक्त चोरून करू नकोस. मी घर डोक्यावर घेणार नाही."

त्याचा घास हातातच राहिला. "आपको किसने बताया?"

"कुणी कशाला सांगायला हवं? गच्चीवर तूच फोनवर म्हणालास. राजीनामा सोमवारी साइन करतो म्हणून."

माझ्याकडं बघतच राहिला. मग आईकडं बघितलं. आणि मग जो हसायला लागला! भाकरी ताटात टाकून, पोट धरून. मला वाटलं ताणानं याचं डोकं फिरलं.

"बाबा, राजीनामा मतलब समझौता! बिल्डर के साथ! कोर्ट-कचहरी में समझौते को राजीनामा बोलते हैं। दोनों पार्टी राज़ी, तो राज़ीनामा।"

घ्या! चाळीस वर्षं ह्या गावात काढून मला हे माहीत नाही. असणार कसं? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी चढलो नव्हतो. शहाणपण असं अंगाशी येतं. पद्मा डोळे पुसत हसत होती आणि हसत डोळे पुसत होती.

मग समझौता काय ते कळलं. मुद्दल मिळणार, तेही हप्त्याहप्त्यानं. व्याज शून्य. शून्य! वकील म्हणतो लढलात तर अजून दहा वर्षं. एरवी मी छप्पर उडवलं असतं. पण नुकताच एवढा उदार बाप होऊन बसलो होतो — ओरडणार कोणत्या तोंडानं? पिठलं गिळलं.

१९ जानेवारी, सोमवार

मीही गेलो सहीला. कागदावर वर ठसठशीत अक्षरात — राज़ीनामा. वरदनं वकिलाला सगळी हकीकत सांगितली, तो एवढा हसला की त्याच्या मुनशीलाही पुन्हा सांगावी लागली. वरदची सही, खाली साक्षीदार म्हणून माझी. बिल्डरचा माणूस मला म्हणतो, "अंकल जी, चाय?" व्याज तुझ्याकडं, चहा माझ्याकडं! प्यायलो. थंडी होती.

येताना रिक्षात वरद फाइलची नाडी सोडत-बांधत होता. म्हटलं, "काय झालं, सुटलो की!" म्हणाला, "बाबा, कल जो आपने कहा, वो सच में कहा था? या बस ऐसे ही?"

म्हटलं, "मी ऐसे ही काही बोलत नाही."

त्यानं मान हलवली आणि बाहेर बघत बसला.

२३ जानेवारी, शुक्रवार

आता पद्माला चाळाच लागलाय. दूधवाल्याशी पैशावरून घासाघीस झाली, तर म्हणे, "झाला एकदाचा राजीनामा!"

मंत्र्याचं प्रकरण मिटलं. दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसून फोटो काढतायत. पद्माला म्हटलं, "बघ, ह्यानं राजीनामा मराठीत दिला नाही, हिंदीत केला." माझ्या विनोदाला ती बऱ्याच दिवसांनी हसली. गजेंद्रनाही सांगितला, त्यांना समजावून सांगावा लागला. विनोद समजावून सांगितला की मरतो.

१ फेब्रुवारी, रविवार

रविवार असून बजेट! पूर्ण ऐकलं, चहाचे दोन कप संपले. आमच्यासारख्यांना काय? ठणठण गोपाळ. गजेंद्र म्हणतात पुढच्या वेळी. ह्या माणसाचा आशावाद सरकारनं दत्तक घ्यावा.

वरद बजेट ऐकायला थांबलाच नाही. सकाळीच तेलीबाग. म्हटलं, "अरे, टॅक्सचं तरी ऐक!" म्हणाला, "आप सुन लीजिए, शाम को बता देना।" संध्याकाळी सांगायला बसलो, तर अमोघचा फोन आला आणि हा गच्चीवर गेला. ह्या वेळी मी मागं गेलो नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

गुडघा. डॉक्टर म्हणतात वजन. पद्मा म्हणते भजी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बिल्डरचा पहिला हप्ता आला! वरदनं लगेच माझ्या खात्यात टाकला. खोटं वाटलं, दोनदा चष्मा पुसला. व्याज गेलं खरं, पण ह्या पैशाला मी मनातून कधीच तिलांजली दिली होती. त्याची एफडी करायची म्हणून पासबुक घेऊन बाहेर पडलो, तर फाटकाशी वरद. ऑफिसच्या वेळेला! माझ्या जुन्या स्कूटरवर.

"बैठिए, मैं छोड़ देता हूँ।" बसलो. किक मारली नाही, आवाज नाही, धूर नाही — आणि ती चालायला लागली! बॅटरी बसवलीय दोघांनी. अलीगंजचा चौक आला तरी माझा विश्वास बसेना. म्हटलं, "अरे, हिला झालंय काय?" नुसता हसला. मला अजूनही काही कळलं नव्हतं. मी आपला विचारतोय, आज सुट्टी कसली?

बँकेच्या दारात उतरवलं. हेल्मेट काढलं. आणि ज्या मुलानं शाळेत गेल्यापासून माझ्याशी एक वाक्य धड मराठीत उच्चारलं नाही, तो म्हणाला,

"बाबा, मी राजीनामा दिला. मराठीतला."

माझेच शब्द. हात दाखवून अवलक्षण! त्याच्या नखांत ग्रीस होतं. "घरी जा, आईला तू सांग," एवढंच म्हणालो आणि आत गेलो.

काउंटरवरच्या मुलीनं एफडीचा फॉर्म पुढं केला. भरला नाही. पैसे खात्यातच राहू दिले. लागतील त्याला.