टाकीचा ताबा

काल्हेर,
१२ जानेवारी २०२६

ठकुबाई वहिनींना दौलतचा नमस्कार.

खारबावला सगळी बरी असाल. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून लिहितोय. मेघाली वाचून दाखवेल. तिची बारावी ना यंदा?

इथली बातमी म्हणजे आमच्या वसाहतीची देखभाल करणारी कंपनी गेली. रहिवाशांनी अर्जांवर अर्ज केले, ग्रामसभेत ठराव झाला. एक तारखेपासून रस्ते, दिवे, पाणी, गटारं सगळं ग्रामपंचायत बघते. सुपरवायझर म्हणून मलाच ठेवलंय.

गुरुवारी ग्रामसेविका ताबा घ्यायला आल्या. मी पंपघर दाखवलं, बाग दाखवली, बोअरवेल दाखवली. ड्रेनेजच्या टाकीकडे नेलं नाही. हिरामण गेल्यापासून मी त्या बाजूने चालतच नाही. तरी पंप सुरू झाला की हिरामणचा आवाज येतो, भर दुपारीसुद्धा. डॉक्टरांना दाखवलं. कान चांगले आहेत म्हणाले.

बाईंनी नकाशा बघून टाकी शोधलीच. झाकणाला दोन कुलपं का, विचारलं. मग म्हणाल्या, "इथे गेलेला माणूस आपणहून उतरला होता?"

कागदावर तसंच आहे, वहिनी. तुमच्या ओटीवर बसून मीही तेच सांगितलं होतं.

त्या सकाळी हिरामण म्हणाला होता, "दौलत, गाडी येऊ दे. वास बरा न्हाय." मैला उपसायची गाडी दोन दिवस येणार नव्हती, आणि टाकी तुंबली म्हणून रहिवासी माझ्या नावाने ओरडत होते. दोन मिनिटांचं काम आहे, उतर, असं मी म्हणालो. तो चपला काढून उतरला. मी वरून हाक मारली. "हाय," म्हणाला. पुन्हा मारली. "हाय." तिसऱ्या हाकेला काही आलं नाही. मी तिथेच बसून राहिलो, वहिनी. लोक येईपर्यंत साधी दोरीसुद्धा सोडली नाही.

तोच "हाय" ऐकू येतो मला.

ग्रामसेविकांना मी सांगितलं, "मीच पाठवलं." त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलतोय. आत ठेवतील, तर ठेवू देत. तुम्ही माफ करावं म्हणून हे लिहिलेलं नाही.

आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास होता, असं मी तेव्हा लिहून दिलं होतं. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. गावात तुम्हाला त्यावरून काय काय ऐकावं लागलं, ते माझ्या कानावर आलंय.

मेघाली, एवढं आईला दोनदा वाचून दाखव. तुझा बाप शुद्धीत होता. तो नको म्हणाला होता.

त्याला खाली पाठवणारा,
दौलत