दोन वर्षांची पिवळी गाडी

४ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, पण कागदावरचा. जमिनीवरचा हल्ली जमत नाही, तेव्हा गोड मानून घे. वहिनीचा खोकला कमी झाला का? तुझं कानातलं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन पडलंय, असं ती सांगत होती. म्हणून हे पत्र. फोनवर तुला व्याजाचा दर ओरडून सांगायचा, तर तो आमच्या सगळ्या मजल्यांना पाठ होईल.

काम आहे. मला गाडी घ्यायची आहे आणि त्यापायी माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

शिकवायची गाडी नव्हे. ती आहेच, टपावर पाटी मिरवणारी आणि शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक बसवलेली. इतकी वर्षं मी त्या शेजारच्या सीटवर काढली. गाडी दुसऱ्याच्या हातात, जीव माझा मुठीत आणि डावा पाय ब्रेकवर. माझ्या हातात ती यायची पेट्रोल भरायला नेताना, तेवढीच. आता मला माझ्यासाठी एक हवी आहे. छोटी, पाच दारांची, गिअरची आणि पळणारी. बाहेरून बघितली तर वाटेल भाजी आणायला निघाली आहे, पण आत इंजिन असं की पाय टेकवला की पाठ सीटला चिकटते. रंग पिवळा. हसू नकोस.

शोरूममध्ये काय झालं ते ऐक. चालवून बघायला गाडी बाहेर काढली आणि मी सवयीनं शेजारचं दार उघडून बसलेसुद्धा. पट्टा लावला, आरसा नीट केला. टायवाला विक्रेता बाहेर उभा राहून विचारतो, "मॅडम, साहेब येतायत का मागून?" मी म्हटलं, "साहेब जाऊन सहा वर्षं झाली. आता मीच साहेब." आणि उतरून वळसा घालून पलीकडे गेले.

गाडी छान आहे. घोडं पेंड खातं ते पैशापाशी. टायवाल्यानं आधी शून्य टक्के व्याज दाखवलं. मी भाळले. मग कळलं की शून्य टक्के घेतलं तर किमतीवरची सूट मिळत नाही, म्हणजे व्याज किमतीतच दडवलेलं. दुसरी योजना अशी की महिन्याचा हप्ता एवढासा आणि शेवटी एकदम मोठा हप्ता, जवळजवळ तिसरा हिस्सा. तो भरायचा, नाहीतर गाडी परत करायची. तिसरं बँकेचं साधं कर्ज, तुझ्या आवडीचं. आणि चौथं लीज. दोन वर्षं भाडं भरा, किलोमीटर मोजून चालवा, मुदत संपली की किल्ली टेबलावर ठेवून घरी जा. शिवाय इंजिन जोरदार म्हणून विमा दुप्पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एकाला विचारलं तर तो दुसऱ्याला नावं ठेवतो. माझ्यासमोर चार कागद आहेत आणि चारही खोटं न बोलता मला फसवतायत.

म्हणून तू तुझा तक्ता करून पाठव. फ्रीज असो, लेकीचं कॉलेज असो, नाहीतर ह्यांचं ऑपरेशन, आपल्या घरात तुझ्या तक्त्याशिवाय कधी काही झालंय का? फक्त एक अट. पाच वर्षांचं काही नको. चारचंही नको. का ते विचारू नकोस.

आणि जामीन लागेल. मला पगाराची पावती नाही, म्हणून तीन ठिकाणी तोंड वाकडं केलं त्यांनी. लेक म्हणते, "आई, उंच ऑटोमॅटिक घेतलीस तर आत्ता सही करते. नातवंडं मागे मावतील."

वहिनीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी

२१ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार वगैरे पुढच्या वेळी. तुझा तक्ता मिळाला.

रांगा, रकाने, सगळं तुझ्या त्या बारीक अक्षरात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यातला कर्ज विभाग काही रिटायर होत नाही. निष्कर्ष काय, तर बँकेचं कर्ज, पाच वर्षं, आणि गाडी कुठली? उंच ऑटोमॅटिक! अरे, मी लाडू मागितला तर तू मला काढ्याचं प्रमाण सांगतोस. लीजच्या रांगेवर तर लाल पेनानं फुली. शेजारी लिहिलंस, "पैशाचा धूर. शेवटी हातात काय? भोपळा." आणि खाली, "पाच वर्षं का नकोत? ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?"

मी दोन दिवस चिडले. मग तिसऱ्या दिवशीही चिडले. तू चुकला असतास तर बरं झालं असतं, पण तुझी बेरीज बरोबर आहे. लीज सगळ्यांत महाग. मला ते तुझ्याआधी कळलं होतं. तरी मला लीजच हवं आहे.

भांडं काढते पुढे. लेकीला सांगू नकोस, वहिनीला सांगितलंस तर चालेल.

मागच्या पावसाळ्यानंतर डावं पाऊल बधिर व्हायला लागलं. आधी वाटलं चप्पल घट्ट आहे. मग जिन्यात पाऊल मागे राहायला लागलं, लहान मूल दुकानासमोर हट्ट करून थांबतं तसं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, सुया टोचल्या आणि सांगितलं की पाठीत नस दबली आहे. जन्मभर कंबरेतून वळून दुसऱ्याच्या हातांकडे बघत बसले, त्याचं हे बक्षीस. ऑपरेशननं आहे ते काही काळ टिकेल, गेलेलं येणार नाही. मी सरळ विचारलं, "क्लच किती वर्षं?" त्या हसल्या. असं कोणी विचारत नसावं. म्हणाल्या, "दोन वर्षं धरून चाला. नशीब असेल तर थोडं जास्त. नंतर ऑटोमॅटिक. आणि मधेच पायाला पेडल कळेनासं झालं, तर त्याच दिवशी थांबायचं." मी कबूल केलं.

आता तुझ्या तक्त्यात बघ. गाडीची पाच वर्षांनंतरची किंमत आहे, टायर आहेत, विमा आहे. माझ्या पायाचा रकाना नाही. पाच वर्षं हप्ते भरून तिसऱ्या वर्षापासून मी काय करू? बाल्कनीतून ती गाडी बघत बसू? ती विकायला काढायची, टायवाल्यासारखे दहाजण येऊन तिच्या दारावरचे ओरखडे मोजणार, हे मला सहन होणार नाही. किल्ली टेबलावर ठेवायची आणि मागे न बघता चालत यायचं, तेवढं जमेल. काठी घेऊन का होईना.

आणखी एक आहे. मी शिकवणं बंद केलंय. पंधरा दिवस झाले. फोन करणाऱ्यांना सांगते, जागा भरल्या आहेत.

एक शिकाऊ मुलगी होती, बेकरीत काम करणारी. हात कायम पिठानं कोरडे, पण स्टिअरिंगवर इतके शांत की मला कौतुक वाटायचं. शाळेच्या मागच्या रस्त्यावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं मला वाटलं. पाय उचललाच गेला नव्हता. गाडी थांबली, कारण तिनं थांबवली. तिला वाटलं आम्ही दोघींनी मिळून थांबवली. "थँक यू, मॅडम," म्हणाली. दादा, मला त्या "थँक यू"ची इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिला तिच्या घरापर्यंत पोचवलं आणि गाडीवरची पाटी त्याच संध्याकाळी काढली. उजव्या पायानं ब्रेक सांभाळता येईल म्हणून अंगणात सराव करून पाहिला, पण इतक्या वर्षांचं वळण डाव्या पायाचं, त्या सीटवर उजवा दचकून दाबतो. अशा पायावर परक्याचं पोर सोपवायचं नाही.

तू म्हणशील, मग स्वतः तरी कशाला चालवतेस? चालकाच्या जागेवर ब्रेक उजव्या पायाचा असतो, आणि तो पाय ठणठणीत आहे. डाव्याकडे फक्त क्लच. तो चुकला तर गाडी आचके देऊन बंद पडते, मागचे हॉर्न मारतात. तेवढी शोभा मी सोसेन.

गिअरच का, असंही विचारलं आहेस. अर्ध्या गावाला मी गिअर शिकवला. क्लच कुठे धरतो ते कानानं नाही, पायानं ओळखायचं, हे मी इतक्यांना सांगितलं, आणि माझ्या स्वतःच्या वाट्याला ते सुख कधी आलं? तुझ्या घरी येताना डोंगरात तो वळणांचा रस्ता लागतो ना, तिथे मी दर वेळी बसच्या खिडकीत बसून मनातल्या मनात गिअर टाकत येते. इथे तिसरा, इथे दुसरा, आता सोड. ड्रायव्हर नेहमी चुकीचा टाकतो. मला तो रस्ता एकदा तरी स्वतः चालवायचा आहे. मला भीती वाटते दादा, की तुम्ही सगळे मिळून हिशेब करेपर्यंत माझा पाय संपेल.

जामिनाचा कागद सोबत आहे, लीजचाच. सही कर किंवा करू नकोस. पण तक्ता पुन्हा पाठवू नकोस.

भिंगरी

३० मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझं पाकीट फोडलं तेव्हा मी आधी तक्ता शोधला. नव्हता. सही केलेला कागद होता आणि मागे दोनच ओळी: "विमा दुसऱ्या कंपनीचा घे, स्वस्त पडतो. क्लच अर्धवट दाबू नकोस." इतकं छोटं पत्र तू जन्मात लिहिलं नसशील. मी ते वाचून रडले आणि मग विम्याची चौकशी केली. खरंच स्वस्त पडला, आता काय बोलणार?

गाडी काल आणली. त्याआधी टायवाल्यानं शेवटचा छळ करून घेतला. कागदपत्रांचं शुल्क, हाताळणीचं शुल्क, चटयांचे वेगळे पैसे. मी विचारलं, "चाकं तरी येतात का सोबत?" तो हसला नाही. बहुतेक पूर्वी कोणाला चाकांचे वेगळे पैसे लावले असावेत. बोनेटवर भलीमोठी फीत बांधून माझा फोटो काढला, त्यात मी रागावलेली दिसते आहे. लेक आली होती. पिवळा रंग बघून डोळ्यांवर हात ठेवला आणि "तुझ्या दोन वर्षांच्या हौसेला माझा नमस्कार," म्हणाली. मी तिला पायाचं सांगितलं, तिथेच, टायवाल्यासमोर. मग चटयांचे पैसे तिनं भरले.

आणि मी काय केलं असेन? पुन्हा जाऊन शेजारच्या सीटवर बसले. पट्टासुद्धा लावला. लेकीनं काच वाजवली, "आई, पलीकडे!"

पहिल्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्न. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा असेल, काय सांगावं. क्लच दाबला, पुरता, तुझ्या ओळीप्रमाणे, गाडी पुन्हा सुरू केली आणि पाय हळूहळू सोडत वाट बघितली. मग पायाखाली ते आलं, इंजिन धरतं तेव्हाचं थरथरणं. अजून येतं आहे रे. शहर संपल्यावर मोकळ्या रस्त्याला तिसरा टाकला आणि पाय टेकवला, तेव्हा मी एकटीच मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते वहिनीसमोर लिहिण्यासारखं नाही.

लीजचे किलोमीटर मोजून मिळालेत, ते मी बाजारहाटात उडवणार नाही. येत्या रविवारी डोंगरातून तुझ्याकडे येते. पोचले की तुला घेऊन त्याच वळणांवरून परत एक फेरी मारायची आहे. कानातलं यंत्र काढून ठेवू नकोस, इंजिन ऐकायचं आहे तुला. शेजारच्या सीटवर बसशील तेव्हा तुझा पाय आपोआप पुढे जाईल आणि काहीतरी दाबायला शोधेल. मला ठाऊक आहे, माझा जन्म त्या जागेवर गेला.

तिथे काही नाही दादा. निवांत बस.

तुझी,
पलीकडच्या सीटवरची,
भिंगरी