काकांनी दाबलेलं ‘थांब’

छत्रपती संभाजीनगर
१४ जानेवारी २०२५

प्रिय लाइबा बेटा,

खूप खूप आशीर्वाद. गुलमंडीतून आणलेला तिळगूळ तुझ्या वाटणीचा काढून शेजारी तुझ्या अम्मीकडे दिलाय. हैदराबादला वेळेवर जेवतेस का, ते खरं खरं कळव.

गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, “काकांना पैठणला कधी पाठवताय?” आणि मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

आधी तुझ्या प्रोग्रॅमबद्दल लिहिते. पक्षाघाताने काकांची वाचा आणि उजवा हात गेला, तेव्हा तू पायथन या संगणकभाषेत त्यांना बोलकी खिडकी करून दिलीस. चित्र दाबलं की कॉम्प्युटर त्यांच्या वतीने बोलायचा. पण ‘मला पाणी हवं आहे’ संपेपर्यंत सगळी खिडकी गोठायची. काका बटण दाबत राहायचे, मग टेबलावर हात आपटायचे. त्यांना वाटायचं, उरलेला हातही गेला. हे तुझ्या लक्षात आलं, माझ्या नाही.

मग तू आमच्या पुढच्या खोलीत ठाण मांडलंस. “काकू, एकच धागा, म्हणजे प्रोग्रॅममधला एकच कामकरी, बोलतोय आणि तोच खिडकी सांभाळतोय. बोलणं मागच्या धाग्यावर टाकते, म्हणजे पुढचा काकांकडे लक्ष देईल.” पहिल्याच चाचणीत प्रोग्रॅम धाडकन बंद! मागच्या धाग्याने परस्पर बटणाचा रंग बदलला होता. “पडद्याला हात पुढच्यानेच लावायचा, मागच्याने नुसतं कळवायचं,” असं तू स्वतःलाच दटावलंस. अम्मी म्हणाली, “मशीन को डांटती, खुद को डांटती, खाना कब खाती?” शेवटी ते लाल बटण केलंस, दाबलं की ‘थांब’ म्हणून चालू बोलणं तोडणारं. आवाज प्रत्येक शब्दानंतर बघतो, कुणी थांबायला सांगितलंय का. इतकं अदबीचं काम मी आमच्या शाळेत कधी पाहिलं नाही गं.

आता पैठणचं. शाळा सांभाळून काकांचं करणं मला झेपेना, म्हणून त्यांना पैठणला दिरांच्या घरी ठेवायचं ठरवलं. परवा रविवारी धाकटे दीर, अप्पाराव भावजी, गाडी घेऊनच आले. “वहिनी, तिथं लई माणसं हायत. दादाला काय कमी पडनार?” मी औषधं समजावू लागले. काकांच्या खुर्चीमागे उभी राहून, ते तिथे नसल्यासारखी.

“थांब.”

“मशीन बिघडलं का काय? ते तर बोलतच नव्हतं,” भावजी म्हणाले.

“थांब. थांब.”

बोलत होतो ते आम्ही.

काकांनी डाव्या हाताने एकेक चित्र शोधलं. “मी.” “घर.” मग माझं नाव, “रूपा.” आणि मग, माणूस तो माणूस, “चहा.”

भावजी डोळे पुसत हसले. “आधी सांगायचं की रे दादा!”

“विचारलं होतं कुणी?” मी म्हणाले. ते भावजींना कमी, मला जास्त लागलं.

गाडी रिकामी परत गेली. सकाळी अम्मी येऊन बसते म्हणाली, म्हणून मी शाळेत सकाळची पाळी मागितली आहे. मिळेल की नाही, देव जाणे. भीती अजून वाटतेच.

हे लिहिताना तुझा प्रश्न त्यांना वाचून दाखवला, पैठणला कधी जायचं? त्यांनी ‘नाही’ दाबलं. मी ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा दाबलं.

तुझी रूपाकाकू,
आणि शेजारी बसलेले, इथेच राहणारे काका