पान्याचे दोन पीळ

प्रिय चिमणे,

आज आधी आला तो टकल्या. त्या कार्टून बनवणाऱ्या कचेरीतून तुझं काम बघायला दोघं आले होते ना मागे, त्यातला. बाई मागून, धापा टाकत, जिन्याला नावं ठेवत. न सांगता न सवरता आले, कारण तू म्हणे त्यांचेही फोन उचलत नाहीस. बरं वाटलं मला. मी समजत होते, राग एकट्या माझ्यावर आहे. फोन काय, बोटाने कापता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून हा कागद.

लिहिता लिहिता मी मध्येच उठेन, रागावू नकोस. तुझं यंत्र, पाणी फिरवून थंड ठेवायचा तो कॉम्प्युटर, समोर आहे. कॉम्प्युटर बंद, नुसता पंप चालू. पाणी पंपातून नळीत, नळीतून रेडिएटरमध्ये, तिथून परत, असं सकाळपासून फिरतंय. एकेका जोडाखाली टिपकागद घातलाय आणि दर चार ओळींनी जाऊन बघते. कोरडा आहे. तुझा बाप म्हणतो, दूध उतू जाईल म्हणून उभी राहिल्यासारखी काय उभी राहतेस. त्याला काय, त्याने आयुष्यात दूध तापवलंय का कधी?

तू गेलीस त्यानंतर चार दिवस यंत्र चादरीखाली पडून होतं. भंगारवाल्याला द्या म्हणालीस आणि निघालीस मावशीकडे. तुझ्या बापाने दिलंही असतं. मी सांगितलं, ते बाहेर काढशील तर माझ्या खाटेसकट काढ. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला धरून आणलं. भला माणूस, पण बोलतो नाकात. त्याने उघडून, फुंकून, दिवा लावून पाहिलं. म्हणाला, करंटचा डबा तेवढा गेलाय, बाकी सगळं शाबूत. पाणी सांडताच तू झटकन वायर ओढलीस म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी नवा डबा टेबलावर. कुणी आणला ते विचारू नकोस, या घरात पुरुष एकच आहे आणि तो दिवसभर माझी नजर चुकवत होता.

रेडिएटर मात्र मी स्वतः तपासला. हसू नकोस. तुझ्या आजोबांचं गाड्यांच्या रेडिएटरचं दुकान होतं तेव्हा अठरा वर्षं मी पाण्याच्या हौदाशी बसलेय. ते झाळायचे, कथील वितळवून चिरा बुजवायचे. मी बुचं मारून रेडिएटर पाण्यात दाबून धरायची, त्यांनी हवा भरली की बुडबुडा कुठून निघतो ते बोट ठेवून दाखवायची. शाळा माझी चौथीपर्यंत, पण बुडबुड्याने मला कधी फसवलं नाही. तसाच तुझा रेडिएटर कपडे भिजवायच्या टबात बुडवला आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. नळ्या जिथे चढतात ती दोन पितळी निपलं आहेत ना, त्यातल्या डाव्या निपलच्या बुडाशी बुडबुडे आले. मोहरीएवढे, एकामागे एक. निपल बसतं तो झाळलेला सांधा तडकला होता.

थांब, बघून येते.

कोरडा. तर झाळायला गॅरेजवाल्याकडे नेला. शेजारी उभी राहून त्याला इतकं शिकवलं की तो म्हणाला, आजी, तुम्हीच बसा माझ्या जागी. घरी आणून निपलं मी बसवली. नळ्यांची टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली, सरळ दाबून चढवली, क्लिपा बेताने आवळल्या. सगळं तू केलं होतंस तसंच. दाराशी उभी राहून मी बघत होते तुला तेव्हा, तुला वाटलं जपाला बसलेय. तुझ्या हातात काही चुकलं नव्हतं, बाई.

आजच्या पाहुण्यांचं राहिलंच. बाई म्हणाली, तुझ्या कार्टूनमधलं ते सायकल शिकणारं उंटाचं पिल्लू अर्धंच बघितलंय, पुढे पडतं की नाही? मला ठाऊक होतं, पण सांगितलं नाही. टकल्या यंत्र चालू करा म्हणू लागला. मी म्हटलं, एक दिवस कागद कोरडा राहिल्याशिवाय वीज नाही, तुम्ही कचेरीचे साहेब असलात तरी. तू मावशीकडे गेलीयस एवढंच मी त्यांना सांगितलं, रुसून गेलीस ते नाही. काम तुलाच द्यायचं त्यांच्या मनात आहे, पण एकदा तुझ्याशी समोर बसून बोलायचंय आणि पूर्ण पिल्लू बघायचंय. नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे म्हणे.

आता उठायला निमित्त उरलं नाही, तेव्हा लिहिते. त्या दिवशी तू निपलं हाताने पिळून घट्ट बसवलीस आणि नळ्या आणायला गेलीस. मी हात लावून पाहिला. मला ती ढिली वाटली. तुझे आजोबा म्हणायचे, हात थांबला की पान्याने वरून दोन पीळ. ट्रकच्या रेडिएटरचा नियम तो, आणि मी तुझ्या या पातळ रेडिएटरला लावला. सांधा मी तोडला, चिमणे. त्या दोघांसमोर पाणी सांडलं, तुझ्या बापाने पाणी आणि वीज एकत्र करणारी अक्कल कुठून आणलीस म्हणून नको नको ते सुनावलं, तेव्हा मी फडक्याने फरशी पुसत होते. तोंड उघडलं नाही. अठरा वर्षांचा तोरा आडवा आला. आज पाहुणे गेल्यावर तुझ्या बापाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तिला लिही. आणि माझंही लिही." तुझं काय लिहू, विचारलं तर खिडकीबाहेर बघत बसला. म्हणून एवढंच, की चुकलं हे म्हणणं त्याचंही आहे. मला हवं ते बोल, पण इथे येऊन बोल. आज शनिवार. ते दोघं गुरुवारी सकाळी अकराला परत येतो म्हणालेत.

तुझीच, पाना लपवून ठेवलेली,
आजी