तळ्याकाठचा रस्ता, प्रकार ३

३ मार्च, सोमवार
आमच्या नकाशा खात्याची रस्त्यांची माहिती ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या सिस्टिमला द्यायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. स्टँडर्डप्रमाणेच द्यायची, म्हणजे एका आकड्याचा अर्थ दोन्हीकडे एकच राहतो. स्टँडर्ड वाचलंय ना, असं विचारलं. पाठ आहे म्हणालो. आजपासून रोज वीस पानं.

५ मार्च, बुधवार
एकूण दोनशे दहा पानं. बारा झाली. त्यातली नऊ अनुक्रमणिका. पण अंदाज आला.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ४
शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, रस्त्यांचे प्रकार जुळवून पाहिलेत का. माझ्यानंतर अकरा वर्षांनी नोकरीला लागल्यात. म्हणालो, आकड्यांत काय जुळवायचं. फाइल पाठवली. मुदतीच्या तीन दिवस आधी. घरी बायकोला सांगितलं. ती बरं म्हणाली.

१९ मार्च, बुधवार
तळ्याकाठच्या एक आजी जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दहा मिनिटांत पोचायची ती ॲम्ब्युलन्स टेकडीला वळसा घालून पन्नास मिनिटांनी पोचली.
तळ्याकाठचा रस्ता आमच्याकडे प्रकार ३, म्हणजे कच्चा. स्टँडर्डमध्ये ३ म्हणजे बंद. पान चौदा.


२० मार्च, गुरुवार
साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंना झापलं. तपासणी त्यांच्याकडे असते. मी विचारलं होतं, एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरमध्ये स्टेपलर शोधत होतो. त्यांना मेमो.
उद्या सकाळी पहिलं काम, साहेबांना खरं सांगणे.

२१ मार्च, शुक्रवार
सकाळी साहेब मीटिंगमध्ये. दुपारी त्यांचं डोकं दुखत होतं. बाईंनी दिवसभर बसून चारशे रस्त्यांचे आकडे बदलले. मदत करू का विचारलं. नको म्हणाल्या, तुम्ही राहू द्या.

३० मार्च, रविवार
साहेबांच्या आधी आजींची माफी मागायची ठरवलं. तेच योग्य. हॉस्पिटलमधून कालच घरी आल्यात. ऑफिसातून आलोय म्हणालो. कुठल्या ऑफिसातून, ते त्यांनी विचारलं नाही. कुठल्या रस्त्याने आलात, ते विचारलं. तळ्याकाठच्या, म्हणालो.
म्हणजे चालू आहे तर, म्हणाल्या. ड्रायव्हर सांगत होता, नकाशात बंद आहे.
मी म्हणालो, नकाशा कोणी केला कोण जाणे.
ज्याने केला त्यालाही बिचाऱ्याला झोप लागत नसेल, असं त्या म्हणाल्या आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.
प्यायलो.