रुळांपासून पाऊण मैल

हाल्व्हर, मंगळवार दुपार

प्रिय आर्विड,

अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर म्हातारी दुपारीच बाटली घेऊन बसली असं समजू नकोस. डोळे गेलेत. म्हणजे पूर्ण नाही, पण मधोमध एक राखाडी डाग बसलाय. ज्याच्याकडे बघावं त्याचा चेहरा दिसत नाही, कडेची भिंत मात्र स्वच्छ दिसते. वसंतात माझं गाडीचं लायसन्स काढून घेतलं. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली, त्यामुळे तिच्यावर ओरडताही आलं नाही. गाडी शेडमध्ये पडून आहे. बस बंद होऊन तर जमाना झाला. माँटानाच्या या टोकाला गाडी चालवता न येणारा माणूस म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. डाकवाला घराशी येतो म्हणून तुला पत्र तरी जातंय.

तुला ख्रिसमसच्या कार्डावर नुसतं 'सिग्ने' लिहिण्यापलीकडे मी अडतीस वर्षांत काही लिहिलं नाही. तूही नुसतं 'आर्विड' लिहीत आलास. म्हणून हे जाड पाकीट बघून तू दचकशील. कोणी गेलेलं नाही. बस आणि वाच. तुला डायलिसिसच्या मशीनवर चार तास पडून राहावं लागतं असं तुझी लेक कारिन सांगत होती, तेव्हा वाच. तिथून उठून जाता येणार नाही तुला.

बातमी आधी सांगते. पॅसेंजर गाडीच्या थांब्यांची यादी आली. तुमच्या फार्गोपासून निघून आपल्या दक्षिणेच्या रुळांवरून पार डोंगरापलीकडे जाणारी, एकोणऐंशी साली बंद पडली तीच गाडी. दहा वर्षं आम्ही तिच्यासाठी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, चर्चच्या तळघरात बैठका घेतल्या. मागच्या गुरुवारी त्याच तळघरात एक बाई मोठा नकाशा घेऊन आल्या. गाडी येणार, म्हणाल्या, निदान कागदावर तरी पक्की झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी थांबे वाचले. ग्रेंडन वाचलं आणि त्यापुढे एकदम पश्चिमेचं गाव वाचलं. आपलं नाव मध्ये आलंच नाही. मला वाटलं माझ्या कानांनीही राजीनामा दिला.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. फलाटाला रुळांलगत लांबलचक पट्टी लागते, आणि हाल्व्हरमध्ये रुळांना चिकटून एक हात जागा मोकळी नाही, सगळी धान्याच्या कोठारांनी खाल्ली आहे. ग्रेंडनचं जुनं स्टेशन होतं तिथेच उभं आहे, जागेसकट. मग त्यांनी विचारलं, तुमचंही स्टेशन होतं ना? सगळ्यांनी माना वळवून वरच्या खिडकीतून पार्ककडे बघितलं, जिथे ते आता नेऊन ठेवलंय. तुझ्या वर्गातला तो एल्मर, अजून जिभेला हाड नाही त्याच्या, मागून म्हणाला, "आहे की आमचं स्टेशन. एकदम झकास, रंगबिंग लावलेलं. तुम्ही फक्त गाडी पाऊण मैल उत्तरेला वळवा." लोक हसले. ल्युसिल हसली नाही. तिला आठवड्यातून दोनदा बिलिंग्सला केमो घ्यायला जावं लागतं, दीडशे मैल, आणि आम्ही पाळी लावून तिला नेतो. म्हणजे बाकीचे नेतात, मी यादीतून बाद झाले. ती गाडीची फार वाट बघत होती. तिने कोटाची बटणं लावली आणि उठून गेली.

आता आपल्या कौन्सिलवर एक तरणा माणूस आहे, ब्रेनन नावाचा, शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने सरळ विचारलं, "रेल्वे कंपनी स्टेशनची इमारत देत होती तर तेव्हा जागाही का नाही मागितली गावाने?" पुन्हा सगळ्या माना वळल्या, या वेळी माझ्याकडे. तेव्हाची गावाची कारकून मीच, सगळा पत्रव्यवहार माझ्या हातचा. मी म्हणाले, कंपनी जागा द्यायला तयार नव्हती. बस्स, एवढंच. लोकांनी मान डोलावली. कंपन्यांबद्दल कोणी काही वाईट सांगितलं की लोकांना लगेच पटतं.

तुला स्टेशन हलवलं तो दिवस आठवतो का रे? तू आला नव्हतास, पण गावाबाहेरच्या पुलावर तुझी रेल्वे कामगारांची टोळी रूळ तपासत होती, तिथून सगळं दिसत होतं तुला. शहाऐंशीचा जून. पोलादी तुळयांवर अख्खी इमारत उचलली, पुढे दोन ट्रॅक्टर, विजेच्या तारा काठ्यांनी वर धरलेल्या, मागे शाळेचा बँड. आपण लोकही विचित्रच. जमीन सोडता येत नाही आणि इमारत टाकवत नाही, मग शाळा असो, चर्च असो, चाकांवर चढवायचं आणि घेऊन जायचं. मी सगळ्यांत पुढे चालत होते, नवीन टोपी घालून. पेपरात फोटो आला, 'सिग्नेने स्टेशन वाचवलं'. त्याच्या आदल्या आठवड्यात कॅफेत कॉफीचे पैसे कोणी द्यायचे यावर फासे टाकताना तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "रुळांपासून दूर नेलेलं स्टेशन म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. ते तरी बरं, त्यात अंडी मिळतात." मी तुझ्याशी दोन महिने बोलले नाही. तेव्हा दोन महिने फार मोठे वाटायचे.

आणि बाबा. शेवटची गाडी गेली त्यानंतर सात वर्षं ते रोज एक चाळीसला घरून निघायचे. स्टेशनमास्तरची टोपी, घड्याळ. स्टेशन उघडायचे, शेगडी पेटवायचे, फळ्यावर खडूने दोन दहाच्या गाडीपुढे 'वेळेवर' असं लिहायचे. तीनला फळा पुसून घरी. आई गेल्यावर तर त्यांना तेवढंच उरलं होतं. गावाला त्याची गंमत वाटायची, मला लाज वाटायची, आणि तू एकटा त्यांच्यासोबत जाऊन बाकावर बसायचास, डबा खायचास, काही बोलायचा नाहीस. तुझं ते न बोलणं मला तेव्हा मूर्खपणा वाटायचं. मला वाटायचं, कोणीतरी त्यांना हलवून सांगायला हवं की गाडी येणार नाही.

स्टेशन पार्कात नेऊन ठेवल्यावर मी त्यांना किल्ली दिली. म्हटलं, बाबा, आता हे संग्रहालय, तुम्हीच त्याचे मास्तर. शेगडी तीच, फळा तोच, बाक तोच. ते दारापर्यंत आले, आत डोकावले आणि म्हणाले, "इथून रूळ दिसत नाहीत, सिग्ने." किल्ली माझ्या हातात परत दिली. पुढे एकदाही त्यांनी त्या दारात पाऊल टाकलं नाही. जुन्या जागीच जात राहिले. तिथे पायाचे चार दगड आणि कोळशाची राख एवढंच राहिलं होतं. त्या दगडांवर बसायचे. उन्हाळा निघाला, पानगळही निघाली. जानेवारीत उणे तीसला पारा असताना, वारा सुटलेला असताना, एक चाळीसला निघाले. मी ऑफिसात होते. मला वाटलं, आज नाही जाणार ते. तुझ्या टोळीला सापडले. दगडाला टेकून बसलेले, हातमोजा काढलेला, तळहातावर घड्याळ. तूच त्यांना उचललंस. तू मला कधी सांगितलं नाहीस, पण ते घड्याळ तळहाताला चिकटलं होतं हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

दफनानंतर तळघरात सगळे कॉफी घेत होते तेव्हा तू माझ्याजवळ आलास आणि हळू आवाजात म्हणालास, "बाबांच्या डोक्यावरचं छप्पर तू काढलंस." वसंतात फार्गोला निघून गेलास. ते वाक्य मी अडतीस वर्षं रोज ऐकते. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, फक्त ते तुला द्यायची हिंमत नव्हती. ते आज देते.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये शेरिफचा माणूस माझ्या ऑफिसात आला होता, दार लावून बसला. बाबांनी अडीचला एका मालगाडीला हिरवं निशाण दाखवलं होतं. रुळांच्या मधोमध उभं राहून. चालकाने ब्रेक मारले, शंभर डबे, कशीबशी थांबली. बाबा शांतपणे त्याला म्हणाले, "तुम्हाला वीस मिनिटं उशीर झालाय." शेरिफचा माणूस म्हणाला, पुन्हा झालं तर त्यांना वॉरेनमध्ये टाकावं लागेल. वॉरेन म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. तू कंपनीत नोकरीला होतास, तुझ्या पोटावर पाय नको म्हणून मी तुला काही सांगितलं नाही. हे कारण खरं आहे, आणि सोयीचंही होतं. मला वाटलं, स्टेशनच तिथून गेलं तर त्यांचे पाय तिकडे वळणार नाहीत. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. मी बापाला रुळांवरून वाचवायला निघाले होते, आर्विड. स्टेशन वाचवायचा मान मला गावाने दिला, मी तो घेतला.

कारिनने तीनदा फोन केला. म्हणाली, आत्या, बाबा आता थकलेत, मशीन बंद करायचं म्हणतात, मी येऊन तुला घेऊन जाते. गुणी आहे पोर. मी तिला दर वेळी सांगितलं, कशाला चारशे मैल तू त्रास घेतेस, गाडी सुरू होतेय ना, गाडीने येईन. गाडी सुरू व्हायला आणखी दहा वर्षं लागतील हे मला माहीत होतं, आणि तुझ्याकडे दहा महिनेही नाहीत हेही. गाडीची वाट बघतेय असं म्हणणं बरं पडायचं. बाबांना हसायची मी, आणि म्हातारपणी मीही तेच करत बसले. गुरुवारी बाईंनी यादी वाचली आणि माझं ते निमित्तही गेलं.

आता पाकिटातला दुसरा कागद बघ, पिवळा पडलेला. शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये कंपनीचं पत्र आलं ते दोन पानांचं होतं. पहिलं पान मी कौन्सिलपुढे वाचलं, इमारत साठ दिवसांत उचलून न्या, नाहीतर पाडू. हे दुसरं. त्यात लिहिलंय की गावाने रूळ आणि स्टेशन यांच्यामध्ये कुंपण घातलं तर इमारत आहे तिथेच राहू शकेल, रुळांलगतच्या पट्टीसकट, नव्याण्णव वर्षांच्या कराराने, नाममात्र भाड्यावर. ते पान मी टाचणी काढून पर्समध्ये घातलं. कोणी पाहिलं नाही. गुरुवारी ब्रेननने विचारलं तेव्हाही ते माझ्या पर्समध्ये होतं. गावाचा थांबा माझ्यामुळे गेला, ल्युसिलचाही. ते मी कौन्सिलपुढे उभी राहून सांगेन, पण तुझ्याआधी नाही. मी छप्पर काढलं एवढंच तुला ठाऊक होतं. ते ठेवता आलं असतं, शेगडीसकट, आणि मला ते माहीत होतं, हे तुला ठाऊक नव्हतं. माफी मागायला मी तुझ्या खोलीत आले असते तर तू अर्धवट माहितीवर मला माफ केलं असतंस, आणि मी ती घेऊन परत आले असते. तशी मला नको. कारिनला सांगितलंय, शनिवारी ये. हे पत्र गुरुवारी तुझ्या हातात पडेल. वाचून झाल्यावर मला बघायची इच्छा नसेल तर तिला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग, ती निघणार नाही. मी बॅग भरून, कोट घालून फोनजवळ बसलेली असेन.

तुझीच,
सिग्ने