उताराला सुटलेली गाडी

अण्णा,

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी गाडी घेतली. तिच्यात डिझेल वाचवणारं एक बटण आहे, त्यावर हिरवं पान काढलंय. ते लावलं की गाडी गरीब गाईसारखी चालते, पाय कितीही दाबा. तुम्ही हसला असता. तुमचा पायच तसा हलका होता. कळंब-धाराशिव जीप चालवताना चपला काढून सीटखाली सारायच्या, अनवाणी पायाला पेडल कळतं म्हणून. आणि येरमाळ्याच्या घाटात उतार लागला की गिअर न्यूट्रलला टाकून गाडी सोडून द्यायची. इंजिन गप्प, नुसता टायरांचा आवाज. मागची माणसं बोलायची थांबत. मी भीती वाटते म्हणाले, तर माझ्यावरच डाफरलात, डिझेल काय आभाळातनं पडतं व्हय म्हणून. मला त्याचा राग आला होता. थोडा अजून आहे.

मागच्या मंगळवारी आईला येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला नेलं. परत येताना भर दुपार, आई मागच्या सीटवर पेंगत होती. चढाला एका उसाच्या ट्रकमागं गाडी रेंगाळायला लागली, म्हणून मी ते बटण बंद केलं. हिरवं पान विझलं, गाडीनं उचल घेतली, ट्रक मागं पडला. एवढं नीट आठवतं. पुढचं आठवत नाही. भान आलं ते घाटातल्या उताराच्या मध्यावर, आणि तेही आवाज थांबला म्हणून. माझा डावा हात गिअरवर, गिअर न्यूट्रलला. मी जन्मात कधी अशी गाडी सोडलेली नाही. तळव्याला पेडल गार लागलं म्हणून खाली बघते, तर पाय अनवाणी आणि चपला सीटखाली. समोर हिरवं पान पुन्हा लागलेलं.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, "अवो, येडशीचा फाटा गेला का?"

अवो ती फक्त तुम्हाला म्हणायची. आरशात पाहिलं. तिचे डोळे उघडे होते, आणि ती गाडी चालवणाऱ्याकडं बघत होती, अगदी निवांत. तुमच्या माघारी तिला इतकं निवांत मी पाहिलेलं नाही. पुढं वळण होतं, गिअर टाकायला हवा होता. पण इंजिन बोललं असतं तर तिला कळलं असतं की ही मी आहे. मी हात हलवला नाही. घसा खाकरून, आवाज जाड करून म्हणाले, "न्हाय अजून. पड जरा."

ती डोळे मिटून पडली. वळण कुणी घेतलं मला सांगता यायचं नाही.

शोरूमवाल्याला विचारलं. बटण ठीक आहे म्हणाला, चालत्या गाडीत ते आपोआप लागत नाही, तुमचाच हात लागला असेल. न्यूट्रलनं तेलही वाचत नाही, उलट ब्रेक तापून एखाद दिवशी जीव जाईल. म्हणून हे लिहायला बसले. लिहायचं एवढंच होतं, की अण्णा, माझ्या गाडीतून उतरा, मागं आई असते.

कागद गाडीच्या खणात ठेवणार होते, तुमच्या हाताशी. दोनदा गाडीपर्यंत जाऊन आले. येत्या मंगळवारी आईला पुन्हा दर्शनाला नेतेय. तिनं म्हटलेलं नाही, मीच जायचं काढलंय. कागद मात्र घरातच राहू देते, कारण वाचलात तर तुम्ही खरंच उतराल.